भेस्तानच्या खोलीतली बाई

सुकदेव बापूनं भेस्तानला बाई ठेवली आहे, ही बातमी आमच्या गल्लीत पहिल्यांदा नळावर आली. नळावरून ती किराण्याच्या दुकानात गेली, तिथून दळणाच्या डब्याबरोबर गिरणीत गेली, आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन टेकली तेव्हा तिला नाकडोळे फुटले होते. बाई तरुण होती. बाई गाणारी होती. बापूला तेव्हा रात्रपाळी होती. रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपतो हे आमच्या उधन्यात, सुरतेच्या कामगारवस्तीत, सगळ्यांना माहीत. दुपारी इथली कुत्रीसुद्धा जपून भुंकतात. पण बापू झोपायचं सोडून सायकल काढायचा, भेस्तानला जायचा, एका खोलीत शिरायचा आणि दार लावून घ्यायचा. खिडक्याही लावून घ्यायचा. सुरतेच्या श्रावणात, लक्षात घ्या, जेव्हा उघड्या खिडकीशी बसलेला माणूससुद्धा ढोकळ्यासारखा वाफेवर फुगतो. आणि मग म्हणे आतून बाईच्या गाण्याचा आवाज यायचा.

माहिती मंदाबाईची. तिची बहीण भेस्तानला त्या खोलीच्या समोरच राहते.

"बहिणीनं डोळ्यांनी पाहिलं का?" मी विचारलं.

"पाहणार कसं आप्पा? दार लावलेलं असतं ना!"

"मग बाई तरुण आहे हे कसं कळलं?"

"म्हातारीसाठी कोण आपली झोप मोडतं?"

मंदाबाई कोर्टात वकील असती तर निम्मं उधना तुरुंगात असतं. जाताजाता ती परत वळली, पदर तोंडाशी नेला आणि खाली वाकून म्हणाली, "एक गोष्ट कोणाला सांगू नका. बहीण म्हणते, आवाज सुषमासारखा आहे."

आता मात्र मी पान थुंकलं. सुषमा म्हणजे बापूच्या धाकट्या भावाची, किसनची बायको. किसन चलथाणच्या साखर कारखान्यात फिटर. पावसाळ्यात कारखाना बंद असला तरी यंत्रं उघडून दुरुस्तीला घेतात, म्हणून तो तिकडेच राहायचा, रविवारी घरी यायचा. नवरा चलथाणला आणि जेठ भेस्तानला, म्हणजे गोष्ट चवदार झाली होती. पण तिच्यात एक खोट होती. सुषमाला आवाजच नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याची गाठ काढली, तेव्हापासून ती बोलायची ते नुसत्या हवेवर, फुंकर घातल्यासारखं. समोर बसलेल्यालाही कान पुढे करावा लागायचा. ती गाणार कुठून?

"तेच तर!" मंदाबाई म्हणाली आणि गेली.

सुकदेव बापू कोण ते सांगतो, म्हणजे या गोष्टीत किती दम आहे ते तुमचं तुम्हाला कळेल. माणूस शिरपूरकडचा. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा सुरतेला आला आणि लूमच्या खात्यात लागला. मी उधन्यात आयुष्य काढलं, पण हा माणूस मांडी घालून बसलेला मी कधी पाहिला नाही. चार सांच्यांच्या, म्हणजे लूमच्या, मधून फिरत राहायचं, तुटलेला धागा दिसला की जोडायचा आणि पुढे जायचं, ही त्याची नोकरी. पण घरी आल्यावरही त्याचे पाय तेच करायचे. भाकरी उभ्यानं खायचा. चहा बशीत ओतून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि रिकामी बशी घेऊन परत यायचा. लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बसवलं तर दुसरी पंगत तोच वाढायचा.

आणि खाकरायचा. बापूची खाकर ही आमच्या गल्लीची घंटा होती. हे खानदेशाबाहेरच्यांना जरा उलगडून सांगायला हवं. आमच्याकडे जेठ म्हणजे मोठा दीर, आणि धाकटी भावजय त्याच्यासमोर डोकं उघडं ठेवत नाही, मोठ्यानं बोलत नाही. पण हे पाळण्याचं ओझं एकट्या भावजयीवर नसतं. जेठानंही घरात शिरताना उंबऱ्याच्या अलीकडे खाकरायचं असतं, म्हणजे आतल्या बाईला पदर घ्यायला सवड मिळते. सुरतेत आल्यावर बऱ्याच जणांनी हे सोडलं. एका खोलीत दोन भाऊ राहतात तिथे खाकरून खाकरून घसा फाटायचा. बापूनं सोडलं नाही. गल्लीत शिरताना एक, ओट्याशी एक, दाराशी एक. "अह्हं-खं!" गल्लीतली पोरं त्याची नक्कल करून बायकांना पळवायची. सुषमा त्या घरात नांदायला आली त्याला वीस वर्षं होत आली होती, आणि बापूनं तिचा चेहरा नीट पाहिला असेल तर तो तिच्या लग्नाच्या फोटोत. अशा माणसावर हा आळ!

बापूचं दुसरं वेड त्याचा टेपरेकॉर्डर. परदेशातून आलेला, काळा, दोन हातांनी उचलावा लागणारा. त्यावर मालतीबाईनं, म्हणजे बापूच्या बायकोनं, विणलेलं पांढरं झाकण. त्याचं रेकॉर्डिंगचं लाल बटण बापूशिवाय कोणी दाबायचं नाही. मालतीबाई म्हणायची, "हाई मनी सवत शे. माले इतकं पुसत नई, तितकं तिले पुसतस!"

चौऱ्याण्णवच्या श्रावणात बापूनं या सवतीला कानबाईच्या कामाला लावलं. कानबाई आमची घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी तापीला जाते. घर धुऊन पुसून रंगवायचं, सगळी भावकी गोळा करायची, नैवेद्याचे रोट करायचे. रोट फक्त घरच्यांनी खायचे; इतकी वर्षं शेजारी राहून मला त्याचा वासच मिळाला आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. तर बापूच्या घराण्यात देवी उंबरठा ओलांडून आत येते तेव्हा म्हणायचं एक गाणं आहे, त्यांच्याच घरचं. सासू ते एका सुनेला देते. बापूच्या आईनं ते थोरल्या सुनेला दिलं नाही, कारण मालतीबाई गायला लागली की सांच्यात शटल अडकल्यासारखं वाटतं. असं मी म्हणत नाही, ती स्वतःच म्हणते. गाणं मिळालं सुषमाला. आणि सुषमाचा गळा असा की आम्ही गल्लीतली माणसं रोट नाही तर नाही, म्हणून गाणं ऐकायला ओट्यावर येऊन बसायचो. "दारशी उनी माय मनी, पाय धवाले पानी द्या" अशी सुरुवात, पण शब्दांत काही नाही. शेवटचं 'द्या' ती कुठून उचलायची आणि कुठे नेऊन ठेवायची, ते सांगता येत नाही. तोंड उघडून दाखवावं लागतं.

ते गाणं बापूनं त्या वर्षी कॅसेटवर घेतलं. महिनाभरानं सुरतेत प्लेग आला. आमच्या गल्लीला कुलपं लागली, मिळेल त्या गाडीनं माणसं आपापल्या गावी पळाली. बापूनं कॅसेट कपड्यांच्या पेटीत तळाला टाकली आणि परत आल्यावरही ती तिथेच राहिली. घरात गाणारी बाई असताना कॅसेट कोण ऐकतो? मग सुषमाची गाठ निघाली. ती वाचली, घरच्यांनी देवाला हात जोडले. त्यानंतरच्या दोन कानबाया बिनगाण्याच्या बसल्या. पहिल्या वर्षी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी भाऊबंदांतला एक म्हणाला, बाहेरून बायका आणा, हल्ली माईकसकट मिळतात.

बापू तेव्हापासून जास्तच फिरायला लागला. "आमची माय घरात येणार आणि तिला पाय धुवायला पाणी मागणार भाड्याची बाई?" असं तो मला म्हणाला, माझ्या ओट्यापुढून जाताना. पुढचं वाक्य परत येताना म्हणाला. "हर्षदाला शिकवायचं."

हर्षदा म्हणजे सुषमाची मुलगी, कॉलेजात जाणारी. घराबाहेर गुजराती, मैत्रिणींशी हिंदी, आईशी अहिराणी अशी तिची तीन खात्यांत नोकरी. गळा आईचा. शब्द आईनं तिला कानात सांगितले होते. पण चाल? ती कानात फुंकर घालून कशी सांगणार? सुषमानं हातानं वर-खाली दाखवून पाहिलं. हर्षदा म्हणाली, "मम्मी, तू पतंग उडवतेस की गाणं शिकवतेस?" दोघी हसल्या आणि मग सुषमा चुलीकडे तोंड करून बसली. ते बापूनं दाराबाहेरून ऐकलं, आणि त्याला पेटीतली कॅसेट आठवली.

काढली, लावली. मालतीबाई, सुषमा, हर्षदा आत, बापू दाराबाहेर. यंत्रातून नुसती सूंऽऽ. आवाजाचं चाक पूर्ण फिरवलं तेव्हा सूं मोठी झाली आणि तिच्या पार पलीकडे, विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसं काहीतरी होतं. हर्षदानं कान लावला. "मोठे बाबा, यात तर फक्त पंखा चालू आहे."

बापूनं त्या दिवशी जेवताना गल्लीच्या तीन फेऱ्या मारल्या. रविवार तोंडावर आला होता.

भेस्तानचा प्रदीप गंगाराम मला ठाऊक होता. त्याचे वडील रेल्वेत होते; हा कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा आणि जयंतीच्या मिरवणुकीसाठी गाण्यांच्या कॅसेटी जुळवून द्यायचा. त्याची खोली म्हणजे वायरींचं जाळं. बापूला तिकडे मीच धाडलं. म्हणजे त्या बाईचा पत्ता देणारा दलाल, मंदाबाईच्या हिशोबानं, मीच.

पहिल्या दुपारी मीही गेलो होतो. प्रदीप म्हणाला, "बापू, टेपमधून वायरनं आवाज कॉम्प्युटरमध्ये घेऊ, तिथे वाढवू, आणि परत नव्या कॅसेटवर उतरवू. बसा."

बापू बसला नाही. त्यानं आधी खिडक्या लावल्या. शेजारी लूमचं खातं होतं, धडधड चालू होती.

"बापू, खिडक्या कशाला? आवाज वायरमधून जाणार आहे. बाहेरचं त्याला ऐकू येत नाही."

"तुला येतंय ना?"

"मला येतंय."

"मग त्याला का नाही येणार?"

प्रदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दारही लागलं. मंदाबाईच्या बहिणीनं जे बंद दार पाहिलं ते हे.

काम सोपं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पाठीला दोन भोकं होती, एक माईकचं आणि एक टेपसारख्या यंत्रांचं. प्रदीपनं आधी माईकचं वापरलं, कारण त्यात आवाज मोठा येतो. आला, पण फाटका, चाळणीतून ओतल्यासारखा. मग दुसऱ्या भोकात वायर घातली. आवाज साफ आला आणि इतका बारीक की पडद्यावरचा हिरवा पट्टा तळालाच पडून राहिला, सुस्त. प्रदीपनं टेपचं डोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. बोळा तपकिरी झाला. मग डोक्याच्या बाजूचा छोटा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवला, आणि एकदम सूंच्या आतून शब्दांच्या कडा दिसायला लागल्या. "दारशी उनी..." असं काहीतरी.

"आली! आली!" बापू ओरडला आणि खोलीत फेऱ्या मारायला लागला. खोली केवढी? तीन पावलांची. तिसऱ्या पावलाला वायर पायात अडकली आणि टेप बंद.

"बापू, मी हात जोडतो, बसा!"

"बसलो तर झोप लागेल. रात्रपाळी आहे."

"मग झोपा!"

पण झोपेल तो बापू कसला. असं रोज दुपारी चाललं. कधी वीज जायची, कधी कॉम्प्युटर स्वतःच मान टाकायचा. प्रदीपनं पूर्ण गाणं आत घेतलं आणि आवाज वाढवायचं बटण दाबलं. त्या बटणाचा नियम असा, की गाण्यात सर्वांत मोठा आवाज जिथे असेल तो छताला टेकेपर्यंत सगळं गाणं सारखं वर उचलायचं. त्यानं दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. गाणं जागचं हललं नाही.

"असं कसं?" प्रदीप म्हणाला. पडद्यावर गाण्याची रेघ दिसत होती, सुताच्या धाग्याएवढी बारीक. आणि त्या धाग्यात मध्ये मध्ये उंच उभे काटे, बाभळीचे असावेत तसे. काटे आधीच छताला टेकलेले. "हे काटे खाली आल्याशिवाय गाणं वर जाणार नाही. विजेचे खटके असतील. तेव्हा शेजारी लूम चालू होती का?"

"लूम कुठे नसते?" बापू म्हणाला. "काढून टाक."

"काढण्याआधी ऐकतो तरी." प्रदीपनं एका काट्यावर बोट ठेवलं आणि तेवढाच तुकडा वाजवला.

"अह्हं-खं!"

नेमक्या त्याच वेळी बाहेरून कोणा बाईच्या बांगड्या वाजल्या आणि खोलीतल्या बापूनं सवयीनं, विचार न करता, तेच केलं. "अह्हं-खं!"

प्रदीपनं दुसरा काटा वाजवला. "अह्हं-खं!" तिसरा. "अह्हं-खं!" त्यानं खुर्ची हळूच फिरवली.

"बापू," तो म्हणाला, "टेप कुठे ठेवला होता?"

मग बाहेर आलं ते असं. गाणाऱ्या बायका आत, देवीच्या पाटापाशी. बापू जेठ, आत जाता येत नाही. यंत्र आत द्यावं, तर लाल बटण बायकांच्या हाती जाणार! म्हणून त्यानं टेप दाराबाहेर स्टुलावर ठेवला आणि स्वतः त्याच्याजवळ उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काय, तो बापू. कॅसेट फिरते की नाही हे बघायला घडीघडी वाकायचा. वाकला की डोकं दाराच्या चौकटीत जायचं. डोकं चौकटीत जाणार म्हणजे आधी खाकरायला हवं. यंत्राच्या तोंडाशी.

"आणि तुमचं यंत्र शहाणं आहे," प्रदीप म्हणाला. "मोठा आवाज आला की ते आपोआप कान झाकतं, आणि मग हळूहळू उघडतं. तुम्ही खाकरलात, त्यानं कान झाकले. उघडायला लागलं, की तुम्ही पुन्हा खाकरलात. वहिनींना त्यानं नीट ऐकलंच नाही."

बापू बसला. खरंच बसला, वायरींच्या गुंत्यावर. मी तिथे नव्हतो याची मला अजून हळहळ वाटते. प्रदीपनं मला नंतर करून दाखवलं. बापूनं पडद्यावरच्या काट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी तर तिला सवड द्यायला खाकरत होतो रे."

"मग आता काढू का?"

"मुळासकट काढ."

तर इकडे बापूची खाकर मुळासकट निघत होती आणि तिकडे मंदाबाईची बातमी मालतीबाईच्या दारात पोचली होती. आता दुसरी बायको असती तर रडली असती. मालतीबाईनं पदर खोचला, सुषमाचा हात धरला आणि रिक्षा केली. सुषमाला का? कारण बातमीत तिचं नाव होतं. "तुनं नाव घेतस ना लोक? तं मंग तूच चाल मनासंगे. लोकेस्ले दिसू दे, तू बाहेर शे का मझार शे." म्हणजे ती आत आहे की बाहेर, हे लोकांना दिसू दे. कायद्यानं बघाल तर याहून पक्का पुरावा नाही.

भेस्तानच्या त्या दारासमोर दोघी जावा उभ्या राहिल्या. समोरच्या ओट्यावर मंदाबाईची बहीण तांदूळ निवडत होती. तिच्या सुपातले खडे आणि तांदूळ त्या दिवशी एक झाले. दार बंद. खिडक्या बंद. आणि आतून बाई गात होती.

"दारशी उनी माय मनी..."

मोठ्यानं. स्वच्छ. प्रदीपनं काटे उपटले होते, आणि प्रत्येक काट्यानंतरचा दबलेला तुकडा वेगवेगळा उचलून बाकीच्यांच्या बरोबरीला आणला होता. मागे सूं होती थोडी, पण गाणं तिच्या पुढे उभं होतं.

मालतीबाईनं दार वाजवायला उचललेला हात तसाच राहिला. सुषमा दाराला हात लावून उभी होती. मग तिनं मालतीबाईच्या कानाशी तोंड नेलं आणि तिच्या त्या हवेच्या आवाजात विचारलं, "बाई, हाऊ मना आवाज शे का?"

"तुनाच शे, माय," मालतीबाई म्हणाली. एवढंच. मंदाबाईच्या बहिणीनं हेही ऐकलं. तिच्या कानाला दाद द्यायला हवी.

'द्या' आलं. ते कुठून उचललं होतं आणि कुठे नेऊन ठेवलं, ते सुषमा डोळे मिटून ऐकत होती. तिचा हात दारावर वर-खाली होत होता. गाणं संपलं. मालतीबाईनं नाक पुसलं आणि दारावर थाप मारली. "उघडा! मी शे. आणि धाकली शे!"

आत धडपड झाली. खुर्ची पडली. आणि मग बापूच्या घशात ते उगवलं. सवय ती, मरताना सोबत जायची. बाहेर भावजय उभी आहे, दार उघडायचंय, खाकरायला हवं. प्रदीप सांगतो, बापूचं तोंड उघडलं, मान पुढे आली, आणि त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खोकल्याचं म्हणा की कशाचं म्हणा. दार प्रदीपनंच उघडलं. त्या दिवशी पहिल्यांदा बापूनं न खाकरता भावजयीसमोरून वाट काढली, भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात धरून, आणि सायकल न घेताच चालत सुटला. सायकल संध्याकाळी प्रदीपनं आणून दिली.

नवी कॅसेट हर्षदाला मिळाली. ती घरात वाजवायला लागली तेव्हा सुरुवातीला तिची गुजरातीच मध्ये यायची; 'उनी' ती असं म्हणायची की सुषमा कपाळाला हात लावायची. पण आता सुषमाला हातानं पतंग उडवावा लागत नव्हता. कॅसेट थांबवायची, मुलीच्या हनुवटीला बोट लावून वर उचलायची, पुन्हा लावायची. मधेच खाकरीबरोबर कापले गेलेले काही शब्द गायब होते. ते ती कानात सांगायची. कापलेल्या जागा आईनं भराव्यात, चाल कॅसेटनं द्यावी, असं ते शिकणं चाललं होतं. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण त्या दारापुढे चाल मंदावायचा. मंदाबाईही. "मी आधीपासून सांगत होते, आवाज सुषमाचाच आहे," असं तिनं मला ऐकवलं, आणि ते खोटं नव्हतं.

कानबाईचा रविवार आला. किसन चलथाणहून आला, भाऊबंद जमले. भाड्याच्या बायका कोणी आणल्या नाहीत. दुपार कलल्यापासून बापू घरातून ओट्यावर, ओट्यावरून नळावर, नळावरून माझ्याकडे.

"आप्पा, घशात काहीतरी आहे."

"खडीसाखर घे."

"घेतली. आहेच."

देवी आणायची वेळ झाली तेव्हा त्यानं टेपरेकॉर्डर उचलला, पांढरं झाकण काढलं, आणि दारातून हात लांब करून तो मालतीबाईच्या मांडीवर ठेवला. आत. देवीच्या पाटापासून हातभर. "हे लाल बटण," तो म्हणाला. "आणि हे त्याच्या शेजारचं. दोन्ही एकदम दाबायची."

"माले माहीत शे," मालतीबाई म्हणाली. "तुम्ही पाळीवर जातस ना, तवय रोज दाबस मी."

बापूला या बातमीवर भांडायलाही सवड नव्हती. घशातलं वर यायला लागलं होतं. तो ओट्यावरून उतरला आणि भरभर निघाला. मी हाक मारली, "अरे, गाणं सुरू होतंय!" त्यानं मागे न बघता हात हलवला. गल्लीच्या टोकाला पोचला, वळला, दिसेनासा झाला. उधना स्टेशनच्या अंगाला गेला म्हणतात. तिथे मालगाडी उभी होती, तिच्या बाजूनं जाऊन म्हणे तो मनसोक्त खाकरला.

हर्षदा गायली. 'द्या' थोडं हललं, पण जिथे ठेवायचं तिथेच ठेवलं. सुषमा मुलीच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ओट्यावर आम्ही सगळे होतो. ज्यानं हे सगळं जुळवून आणलं तो तेवढा नव्हता.

तो परत आला तेव्हा देवी बसली होती. दाराशी थांबला. न खाकरता उभा राहिला. आतून मालतीबाई म्हणाली, "खाकरा आते. गानं व्हई गयं." तेव्हा तो खाकरला, हलक्यानं, आणि सुषमानं पदर घेतला. टेप त्याच्या हाती आला. त्यानं कॅसेट मागे फिरवली आणि तिथेच ओट्यावर, उभ्या उभ्या, यंत्र कानाशी धरून ऐकली. माझ्यासमोर. पूर्ण. पाय हलत होते, पण जागच्या जागी.

आता अफवेतलं खरं सांगतो. भेस्तानच्या खोलीत बाई नव्हती. प्रदीपचा कॉम्प्युटर होता. त्यात सुषमाच्या पाच वर्षांपूर्वीच्या गाण्याचा आवाज वाढवायचं काम चाललं होतं. तो आवाज लहान झाला होता, कारण रेकॉर्डिंग करताना सुकदेव बापू टेपजवळ खाकरत होता.